उन्हात ठेवलेली वाळू

बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी राहीआत्यानं सगळं घर अंगणात काढलं. गाद्या, उशा, बाबांचे स्वेटर, डाळींचे डबे. सुतक संपलं की घराला ऊन दाखवायचं, ही तिची उंब्रजची रीत. मी मृत्यूचा दाखला घेऊन माधवनगरला परतले, तेव्हा लोणच्याच्या बरण्यांशेजारी दोन फुटी लोखंडी नळी ठेवलेली दिसली. काळा प्लास्टिक कागद काढलेला, एका बाजूचं टोपण उघडं.

बाबा भूशास्त्रज्ञ होते. हजारो वर्षांपूर्वी थरच्या वाळवंटात वारा कधी जोरात वाहत होता, पाऊस कधी वाढला, हे ते वाळूच्या टेकड्यांवरून शोधायचे. गाडल्या गेलेल्या वाळूच्या कणाचं वय मोजता येतं, पण त्याला पुन्हा ऊन लागलं की ते वय पुसलं जातं. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत अंधारात ठेवायचा. ही नळी त्यांनी जानेवारीत बाडमेरजवळच्या टेकडीत ठोकली होती. तेवढं एक वय मिळालं की पंधरा वर्षांचं काम पुरं होणार होतं. नळी न्यायला त्यांचा विद्यार्थी पुष्कर दुपारी साताऱ्याहून येणार होता.

"आत्या, हे कुणी उघडलं?"

"म्या. टोपण लय घट्ट, लाटण्यानं ठोकून काढलं. आत नुसती माती गं! दमट वास मारत व्हती."

"कधीपासून आहे उन्हात?"

"सकाळचा चा झाला तवापासनं."

मी नळीवर शाल टाकली आणि तिला सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली.

"मधूचं काम म्या नासवलं व्हय?"

मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

तीन वाजता पुष्कर आला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वाळू बाहेर सांडली का?"

"ताटात वतणार व्हते," आत्या म्हणाली, "पर ठासून बसलीया. चमच्यानं बी निघंना."

पुष्करनं मोठा श्वास सोडला. "मग वाचली. घट्ट वाळूत ऊन फार आत जात नाही. टोकाची बोटभर वाळू आम्ही तशीही टाकून देतो, वय मधल्या वाळूचं काढतो. बाडमेरला मी नळी ठोकायला गेलो, तर सरांनी हातोडा काढून घेतला. म्हणाले, तुझ्या हातून वाळू ढिली राहील."

"आसाच हुता त्यो," आत्या म्हणाली. "दुसऱ्याचं काम त्याला कवा पटलंच न्हाई." मग ती पदरानं डोळे पुसत हसायला लागली, आणि मीही.

पुष्करनं शालीखालीच टोपण बसवलं, नळी काळ्या कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावली.

"निकाल कधी येईल?" मी विचारलं.

"सहा-सात महिने. रांग असते."

सहा-सात महिने. बाबांकडून अजून काहीतरी यायचं होतं.

"मला उंब्रजला फोन कर रं," आत्या त्याला बजावत होती. "अन् समजंल आसं सांग. मधूवानी इंग्रजी नगं."