मास्तरांचे ‘गुड’

मित्रांनो, मी जुना झालो आहे. कडेचा पारा उडाला आहे, पण माणसाला डोक्यापासून पायापर्यंत दाखवण्याचे काम मला अजून जमते. मी शिंप्याच्या दुकानातला उभा आरसा आहे. लोक माझ्यासमोर नवे कपडे घालून उभे राहतात, पोट आत ओढून धरतात, आणि श्वास सोडल्यावर ते पुन्हा बाहेर आले की माझ्याकडेच रागाने बघतात. यात माझा काय दोष?

माझा जन्म भट्टीत झाला म्हणे. मला ते आठवत नाही. आठवतो तो पाठीवर फिरलेला एक थंड हात, सुताराने ठोकलेली चौकट आणि हातगाडीवर उताणे पडून केलेला प्रवास. त्या वाटेवर माझ्या पोटात अख्खे आभाळ मावले होते. ढग सावकाश सरकत होते, मध्येच एखादी तार जायची, एखादा पक्षी जायचा. अजूनही दुपारी दुकान शांत असले की मला ते आभाळ दिसू लागते आणि माझा डोळा लागतो.

मला ज्यांनी आणले त्यांना सगळे मास्तर म्हणत. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण कौतुक करायची वेळ आली की जणू त्यांच्या जिभेला टाके पडत. गिऱ्हाईक नवा कोट घालून माझ्यासमोर वळे आणि खुशीत म्हणे, “गुड! व्हेरी गुड, मास्तर!” मास्तर तोंडात टाचण्या धरून नुसते “हं” करत. त्यांची मुलगी लहानपणापासून शेजारी बसून काजे करायची. काज वाकडे झाले की ते म्हणत, “उसव.” नीट जमले तर काहीच म्हणत नसत. ती बिचारी त्या गप्प बसण्यालाच शाबासकी समजायची.

मग एका सकाळी मास्तर कात्री उचलायला गेले आणि त्यांचा हात उठलाच नाही. अर्धांगाचा झटका होता. दुकान बंद झाले आणि माझ्यावर कुणीतरी चादर टाकली. चादरीखाली सकाळ आणि संध्याकाळ सारखीच असते. मशीनचा आवाज नाही, कापडाचा वास नाही. मला फार एकटे वाटले. मी माझे आभाळ बघत राहिलो.

चादर निघाली तेव्हा समोर खुर्चीत मास्तर होते. उजवा खांदा खाली उतरलेला, चेहरा ओढलेला. सोबत मुलगी होती आणि बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई.

“काका, आरशात स्वतःचे ओठ बघत सराव करायचा,” बाई म्हणाल्या. “हळूहळू शब्द परत येतील.”

मास्तरांचे सगळे शब्द गेले होते. एकच शिल्लक होता, ‘गुड’. जन्मभर ज्या शब्दाला त्यांनी तोंडाजवळ फिरकू दिले नाही, तोच तेवढा राहिला! गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून तो कुठेतरी आत झिरपला असावा.

मग त्या एका शब्दाला सगळी कामे करावी लागली. “गुड?” म्हणजे चहा झाला का. “गुड, गुड, गुड” म्हणजे तो पंखा बंद करा. मुलीने दुकानामागच्या खोलीत दूध उतू घालवले तेव्हा मास्तर कपाळाला आठ्या घालून गरजले, “गुड!” शेजारचा दुकानदार भेटायला आला आणि जाताना म्हणाला, “मास्तर आता फार गोड झालेत हो.” त्याच्या पाठीमागे मास्तर त्याच्याविषयी जे काही बोलले, तेही “गुड”च होते. मुलगी खूप दिवसांनी पोट धरून हसली.

पण तिच्या मनाला एक घोर लागला होता. दुकान चालवायचे, की विकून टाकून कारखान्यात नोकरी धरायची? अख्खा कोट तिने एकटीने कधीच शिवला नव्हता. तेवढ्यात मास्तरांचे जुने गिऱ्हाईक असलेले वकील कापड घेऊन आले. “आता तू शिव,” म्हणाले. मुलीने मनाशी ठरवले, हा कोट बाबांना खरोखर पसंत पडला तर दुकान उघडायचे, नाहीतर विकायचे.

वकिलांचा बांधा थेट मास्तरांसारखा. त्यांचे कोट मास्तर नेहमी स्वतःच्या अंगावर घालून बघत, तशी दुकानाची रीतच होती. मुलीनेही तेच केले. कच्चा टाका घातला की ती बाबांना माझ्यासमोर उभे करी, टाचण्या लावी, पुन्हा उसवी, पुन्हा शिवी. खिडकीतून उन्हाचा पट्टा येई आणि कापडाचे बारीक तंतू त्यात तरंगत राहत. ते दिवस मला स्वप्नासारखे वाटतात.

कोट पुरा झाला त्या दिवशी बाईही आल्या होत्या. मुलीने बाबांना कोट घातला. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. मी तर हरखूनच गेलो.

“कसा झालाय, बाबा?”

“गुड.”

“खरं सांगा.”

“गुड!” मास्तर चिडले.

“दूध उतू गेलं तेव्हाही हेच म्हणालात तुम्ही!” मुलगी म्हणाली. “बाकीचे सगळे तोंडदेखलं छान म्हणतील. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत, म्हणून तुम्हाला विचारतेय. मला कसं कळणार आता?”

“काका, घाई नको,” बाई म्हणाल्या. “आरशात बघा.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. कितीतरी वेळ पाहिले. डावा हात उचलून त्यांनी उजव्या खांद्यावर ठेवला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“ना… ना… नाही.”

मुलगी एक पाऊल पुढे आली.

“नाही!” मास्तर पुन्हा म्हणाले. त्यांनी आपला उतरलेला खांदा थोपटला, मग हात आडवा धरून दाखवला, सरळ.

मुलगी बघतच राहिली. कोट बाबांच्या अंगावर चपखल बसला होता, कारण तो त्यांच्या उतरलेल्या खांद्यावर बेतला गेला होता. वकिलांचा खांदा सरळ होता. बाबांना रोज बघून बघून तिच्या डोळ्यांना तो खांदा सरळच वाटू लागला होता. मलासुद्धा.

“बाबा, तुम्ही नाही म्हणालात!” तिने त्यांना मिठी मारली आणि ती हसता हसता रडू लागली. आपला कोट नापसंत झाल्यावर इतकी खूश झालेली मुलगी मी दुसरी पाहिली नाही. बाई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

खांदा तिथेच उसवला गेला. आत जादा कापड सोडलेले होते म्हणून निभावले. पुढे वकील येऊन कोट घालून उभे राहिले, तेव्हा मास्तरांनी त्यांना माझ्यात वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, “गुड.” मुलीने या वेळी काही विचारले नाही. ती उठली आणि अर्धे ओढलेले शटर तिने पूर्ण वर केले.

मित्रांनो, मला तोंड नाही. मी फक्त दाखवतो. तुम्हाला मात्र ‘गुड’ही म्हणता येते आणि ‘नाही’ही. कुणी जीव ओतून केलेले काही तुमच्यापुढे धरले, तर घाईघाईने काहीतरी गोड बोलून मोकळे होऊ नका. आधी नीट बघा. समोरचे माणूस तेवढ्यासाठीच तर थांबलेले असते.