आण्णांची जागा

शिवाजी पेठेत एक पैलवान आहे. त्याला शिंक आली की शेजारच्या घरातला पाळणा आपोआप हलतो. त्या घरच्या बाईनं शेवटी त्याला महिन्यावरच लावला. रोज दुपारी येतो, तपकीर ओढतो, दोनदा शिंकतो, पोर झोपतं, पैलवान चहा पिऊन जातो.

हे मी माझ्या नातीला, साक्षीला, सांगितलं तेव्हा ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"आबा, खरं?"

"या डोळ्यांनी बघितलं. परवा त्याला सर्दी झालती, तर पाळण्याचा कडी-कोयंडा तुटला."

ती हसली. मी हसल्यासारखं तोंड केलं. तेवढं जमत होतं.

आता तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. तो पैलवान मी पाहिलेला नाही. त्या दिवशीच काय, दोन महिन्यांत शिवाजी पेठेतली आमची खोली आणि खालचा नळ सोडून मी पेठेतलं काहीच पाहिलेलं नव्हतं.

मी नेसरीचा. सत्तरीला टेकलेला. माझी बायको तानूबाई त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोन साली, वैशाखात गेली. सगळं झालं, वंदना झाली, लोक जयभीम घालून गेले, आणि मी उठून म्हशीला वैरण टाकली. रडू आलं नाही. पुढंही आलं नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय असतो, पण आपला वाटत नाही. तसा मी सगळाच झालो होतो. जेवायचो, पण भाकरी ज्वारीची का तांदळाची हे बघून कळायचं.

माझा मुलगा प्रसेनजीत जालन्याला लाइट बोर्डात. त्याच साली साक्षीला कोल्हापुरात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पाहिजे त्या कॉलेजात, पाहिजे त्या विषयाला. प्रसेनजीतनं म्हैस विकली, नेसरीच्या घराला कुलूप घातलं आणि आपल्या दोन्ही काळज्या एकाच खोलीत आणून ठेवल्या. नात म्हाताऱ्याला बघेल, म्हातारा नातीला बघेल. पण जाताना मला ऐकू येईल अशा आवाजात तिला बजावून गेला.

"आबा हितं रमलं तर ठीक. न्हाईतर दिवाळीच्या सुट्टीत तुझं नाव काढायचं आन् दोघांनीबी जालन्याला यायचं. कॉलेज तिकडंबी हाय. मी त्यास्नी असं भिताडाकडं बघत बसू देणार न्हाई."

मी पंधरा दिवस भिताडाकडंच बघत बसलो. दर रविवारी साक्षी एसटीडी बूथवरून बापाला फोन करायची आणि येताना तोंड पाडून यायची. विचारलं तर "काय न्हाई" म्हणायची. एक दिवस बघितलं, तिनं नव्या वह्यांना कव्हर घालायचं थांबवलं होतं. अर्ध्या वह्या तपकिरी कागदात, अर्ध्या उघड्या. कशाला घाला, असं तिचं झालं असणार. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. पण वाटायला पाहिजे होतं एवढं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून मी बाहेर पडलो.

नव्या माणसानं गावात रमायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. रंकाळ्यावर गेलो, तिथं पाणी होतं. मिसळ खाल्ली, नाकातून पाणी आलं, डोळ्यातून आलं, पुसलं. एका चहाच्या हॉटेलात बसलो तर शेजारच्या टेबलावर चौघं भांडत होते. भांडण चांगलं रंगलेलं होतं, पण त्यात शिरायला दार सापडेना. शेवटी पाय एसटी स्टँडवर घेऊन गेले. गडहिंग्लजच्या गाड्या लागतात त्या फलाटावर. कुठं जायचं नव्हतं. बसायला बाक होतं आणि "पावणं, काय पायजे?" असं कोणी विचारत नव्हतं. सकाळी दहाला जायचो, पाचला उठायचो.

त्या फलाटावर बयाबाई शेंगा विकायची. शिवाजी पेठेतलीच. तिच्या बोलण्याला उत्तर लागत नसे, म्हणून आमचं जमलं. गिऱ्हाईक नसलं की ती पेठेचं काहीबाही सांगायची. कुठली मिसळ बरी, कुठल्या तालमीत कोण घुमतो, आणि गुंडू म्हसवाल्याचा कट्टा. तिथं संध्याकाळी गुंडू म्हशी आणून बांधतो, गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देतो, आणि आकाराम, बाळासो, आण्णा अशी जुनी खोडं लिंबाच्या पारावर बसून जगाला शिव्या देतात. बयाबाई साधं सांगायची. मी ते घरी नेईपर्यंत त्याला शेपूट फुटलेलं असायचं.

"आज गुंडूच्या कट्ट्यावर बसलो हुतो," मी साक्षीला सांगायचो. "त्याची थोरली म्हैस कुस्तीचा निकाल ऐकल्याबिगर पान्हा सोडत न्हाई. आकाराम पेपर वाचतो, मग धार. परवा आपला गडी चितपट झाला, तर तीन दिस पेठेत सगळी कोरा चहा पितायत."

"आन् तुमी कुठं बसता?"

"मी मधी. बुंध्याला पाठ लावून. माझी ठरल्याली जागा हाय."

मिसळवाल्याचंही सांगितलं. त्याच्या कटाच्या वाफेनं समोरच्या घराचा रंग उडाला. घरमालक भांडायला आला, एक प्लेट खाऊन गेला, आता दर महिन्याला स्वतःच गुपचूप रंग देतो.

साक्षी हे सगळं कॉलेजात सांगायला लागली. तिच्या वर्गातल्या पोरी शिरोळच्या, आजऱ्याच्या, सगळ्या गावाला नव्या. माझ्या थापांच्या जिवावर सहा पोरी दर रविवारी कोल्हापूर हिंडायला लागल्या. एकदा मिसळ खाऊन आल्या आणि म्हणाल्या, आबा, रंग खरंच उडालाय की! उरलेल्या वह्यांना कव्हरं चढली. फोनवर बापाला काय सांगायची कोण जाणे, पण येताना पायऱ्या दोन दोन चढायची. मी ऐकायचो, आणि सकाळी दहाला स्टँडवर जायचो.

दिवाळीच्या तोंडाला प्रसेनजीत आला. पिशवी ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "चला आबा. मलाबी दावा तुमचा कट्टा."

साक्षी आधीच चप्पल घालून उभी.

कट्टा कुठं आहे ते बयाबाईच्या बोलण्यावरून माहीत होतं, म्हणून चुकलो नाही. लिंबाचा पार, दगडी कठडा, पुढं चार म्हशी, एक बारीक माणूस धार काढतोय. तो गुंडूच असणार. पारावर सात-आठ म्हातारे, आणि नशीब बघा, मधोमध बुंध्याजवळची जागा मोकळी. रोजचा माणूस अडखळत नाही. मी थेट गेलो, "काय गुंडू, काय म्हंत्यात म्हशी?" म्हणालो, आणि बुंध्याला पाठ लावून बसलो.

"बऱ्या हायत," गुंडू मान वर न करता म्हणाला. इथवर झकास.

मग पारावरची बोलणी बंद पडली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एका जाड भिंगाच्या चष्मेवाल्यानं हातातली काठी माझ्याकडं केली.

"पावणं, उठा तितनं."

माझ्या वयाच्या, माझ्या समाजाच्या माणसाला 'उठा' म्हटलं की कारण विचारावं लागत नाही. लहानपणी पुष्कळदा उठलोय. मी उठायलाही लागलो होतो. राग येण्याची वाट बघितली, तोही आला नाही. पण प्रसेनजीत पुढं झाला. त्याचा आवाज चढला.

"का उठायचं? कारण सांगा आदी!"

"आता कारण काय सांगायचं?" चष्मेवाला गोंधळला. "बसायचं न्हाई तितं."

"कुनी बसायचं न्हाई? स्पष्ट बोला. दोन हजार दोन साल हाय हे! अडीच म्हैनं रोज येत्यात ह्ये हितं. तवा न्हाई उठवलं, आन् आज आडनाव कळलं व्हय?"

"कोन रोज येतंय?" शेजारचा म्हणाला. "बाळासो, तू बघितलाईस काय ह्यास्नी?"

"न्हाय बा. आजच बघतुय."

साक्षी माझ्याकडं बघायला लागली. प्रसेनजीतचं बोट हवेतच राहिलं. आणि मी, जन्मभर जे हातचं होतं तेच काढलं, थाप.

"आण्णांना इचारा की! आण्णा वळखत्यात मला. रोज शेजारीच बसतो आमी."

गुंडूनं धार थांबवली. म्हशीनं शेपटी झाडली तेवढा आवाज झाला.

"आण्णा गणपतीत गेलं," चष्मेवाला म्हणाला. तो आकाराम असणार. "चाळीस वर्सं बसत हुतं तितं. वरीस हुईस्तवर ती जागा कुनाला द्यायची न्हाई, असं आमी ठरिवलंय. त्येंचा थोरला पोरगा आला तरी उभा ऱ्हातो. जात बघून न्हाई उठिवलं दादा तुमच्या वडलास्नी."

प्रसेनजीतनं बोट खाली घेतलं. "माफ करा," म्हणाला, पण ते कोणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नसावं.

मी उठून पाराखाली उभा राहिलो. बयाबाईनं आण्णांचं सांगितलं ते गणपतीच्या आधी; नंतर ते नाव तिच्या बोलण्यात आलंच नव्हतं. मेलेल्या माणसाच्या जागेवर बसून त्याचीच साक्ष काढली होती. लाज वाटायला याहून मोठं कारण मिळणार नव्हतं. मी वाट बघितली. फक्त कान गरम झाले.

"मग कुठं जाता रोज?" साक्षीनं विचारलं.

"स्टँडावर."

"दिवसभर?"

"बाकावर बसतो. तितं एक शेंगावाली हाय, ती सांगती ह्ये सगळं. मी त्याला मीठमसाला लावतो."

"गावी जायला निघता व्हय?" प्रसेनजीत.

"न्हाई. निस्ता बसतो." तेव्हा म्हटलं, आता उरलेलंही बोलून टाकावं. एवढ्या लोकांपुढं साधं खरं बोलायची मला सवय नव्हती. ते बोलणं फार आखूड निघालं. "प्रसन्या, मी हितं रमलो न्हाई. जालन्यातबी रमणार न्हाई. नेसरीत ऱ्हायलो असतो तर तितंबी रमलो नसतो. तुजी आई गेल्यापास्नं मला काय लागतच न्हाई; ग्वाड न्हाई, कडू न्हाई. मला कुठंबी ठेव, सारखंच हाय. हिला मातुर कुठंबी ठेवू नगंस."

पारावरचे म्हातारे दुसरीकडं बघायला लागले. प्रसेनजीत म्हशींकडं बघत राहिला. मोजत असल्यासारखा.

"दुपारचं काय खाता स्टँडवर?" त्यानं विचारलं.

"शेंगा."

"रोज?"

"व्हय."

त्यानं साक्षीकडं वळून विचारलं, "तुजं प्रॅक्टिकल कवा सुरू हुतंय?"

"सुट्टी संपली की लगीच."

"मग मी एकटाच जातो," तो म्हणाला. "पुडच्या म्हैन्यात येतो परत. वह्या-पुस्तकास्नी काय लागलं तर फोन कर." साक्षीनं मान हलवली. माझ्या सदऱ्याची बाही तिनं मुठीत धरली होती. ते मला बाही ओढली गेली तेव्हा समजलं.

आकाराम खाकरला. "हिकडं नळाच्या अंगाला बसा पावणं. तितं कुनाचं न्हाई." मी बसलो. "पर आण्णाचं नाव घिऊन परत खोटं बोलू नगा. दुसऱ्यानं खोटं बोल्ल्यालं त्येस्नी खपायचं न्हाई. आपन स्वता बोल्ल्यालं चालायचं."

बाळासो फिस्सकन हसला. गुंडूनं ग्लास आणून हातात दिला. फेसाळ, अजून म्हशीच्या अंगाची ऊब असलेलं दूध. मी प्यालो. साक्षीनं ओठावर बोट ठेवून खूण केली, तेव्हा मिशीचा फेस पुसला.

"नेसरीचं म्हणं तुमी?" आकारामनं विचारलं. "भाताचं काय म्हंतंय औंदा तिकडं?"

जुलैपासून मी तिकडं फिरकलो नव्हतो. मनात आणतो तर एकेक लोंबी हातभर करून दाखवली असती. चार म्हातारे गुंडूची म्हैस सोडून माझ्याकडं वळले असते.

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

"बरं," आकाराम म्हणाला, आणि बाळासोशी राहिलेलं भांडण पुढं चालू केलं. मी नळाच्या अंगाला बसून ते ऐकत राहिलो. अंधार पडायच्या आत प्रसेनजीत म्हणाला, चला. मी उठलो. उद्या येताना ग्लास घरून आणायचा, असं गुंडूनं पाठीमागून ओरडून सांगितलं.