पोस्टमास्तर कुठं गेला

अविराजला अपघात झाला तेव्हा गेमचे सहा भाग खेळून झाले होते आणि चार राहिले होते.

अविराज आणि उत्कर्षा सणसरला राहत. लग्नाला तीन वर्षं झालेली. तो लोणी देवकरच्या एका कंपनीत फिटर होता. फर्स्ट शिफ्ट करून आला, अंघोळ उरकली, की दोघं ओट्यावर बसून फोनवर तो गेम खेळत. डोंगरातल्या एका गावाचा पोस्टमास्तर हेन्री एका सकाळी गायब होतो, तिथून गेम सुरू व्हायचा. पोस्टातले खण उघडायचे, लोकांची पत्रं वाचायची, कुलपांचे आकडे जुळवायचे आणि तो गेला कुठं ते हुडकायचं. पत्रं इंग्रजीत. ती वाचायचं काम उत्कर्षाचं, कारण ती बारामतीला बी.ए. झालेली. कुलपं अविराजची. एकट्यानं पुढं जायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं.

सहाव्या भागाच्या शेवटी हेन्रीचा कोट गावातल्या एका विधवेच्या कपाटात सापडला.

"हिनंच मारलाय त्याला," अविराज म्हणाला.

"काय बी बोलता. किती रडती ती."

"म्हणून तर म्हणतोय. उद्या बघ तू."

दुसऱ्या दिवशी त्याला कंपनीत थांबावं लागलं. जानेवारीतला दिवस लवकर मावळला. कारखान्याला निघालेली उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अविराजची मोटरसायकल सरळ तिच्यात घुसली.

दीड महिना तो पुण्याच्या दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा चालत होता, जेवत होता, सगळ्यांना नावानं हाका मारत होता. शेजारीपाजारी म्हणाले, वाचला पोरगा. पण त्याच्या डोक्यात नवं काही टिकत नव्हतं. जानेवारीपर्यंतचं सगळं लख्ख आठवे. त्यापुढचं तासाभरात पुसलं जाई. भर जूनमध्ये तो आईला, प्रयागबाईंना, विचारायचा, "आई, आपला ऊस तोडायला टोळी आली का?" ऊस जाऊन चार महिने झाले होते.

त्याला कोडी घाला, डोक्याला काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उत्कर्षानं एका संध्याकाळी गेम उघडला. अविराजचा चेहरा फुलला.

"कोट सापडलाय. विधवेच्या कपाटात. तितनंच पुढं ना?"

त्याला सगळं आठवत होतं, कुठला खण कुठल्या किल्लीचा हेसुद्धा. सातव्या भागात भिंतीवरचं एक बंद घड्याळ होतं. त्याच्या काट्यांवरून तिजोरीचा आकडा काढायचा होता. अविराजनं दहा मिनिटांत काढला. तिजोरी उघडली तसा तो टाळी वाजवून ओरडला, "जमलं!" चुलीपुढं बसलेल्या प्रयागबाई पदर डोळ्यांना लावून हसल्या. कितीतरी महिन्यांत त्या घरात कुणी असं ओरडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "कालची तिजोरी आठवती का?"

"कसली तिजोरी? काल तर कोट सापडला."

तिनं सातवा भाग परत पहिल्यापासून लावला. त्यानं दहा मिनिटांत आकडा काढला, टाळी वाजवली, जमलं म्हणाला. पुढं रोज तेच. तोच आकडा, तीच टाळी. ती प्रत्येक वेळी हसायची. पंधरवड्यानंतर तिला हसताना गाल दुखल्यासारखे वाटू लागले.

मग तिनं वही केली. खेळून झालं की त्याच्याच हातानं लिहून घ्यायची: घड्याळ झालं, तिजोरी उघडली, आत रेल्वेचं तिकीट निघालं. दुसऱ्या दिवशी वही पुढं ठेवली. त्यानं वाचली, परत वाचली.

"हे अक्षर माझं हाय."

"तुमीच लिवलंय काल."

"मग मला का आठवंना?" त्यानं तिचं मनगट धरलं. "उत्कर्षा, काय झालंय मला?"

तिनं खरं ते सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला. तासाभरानं आपले डोळे का सुजलेत, हेही त्याला कळत नव्हतं. तिनं वही चुलीत घातली.

एका रविवारी तिनं ठरवलं, चारही भाग एका बैठकीत संपवायचे. सकाळी न्याहारी होताच बसले. आठव्या भागाच्या मध्यावर अविराजनं विचारलं, "हे तिकीट कुठनं आलं?" तिनं समजावलं. तासाभरानं त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं फोन बाजूला ठेवला.

वर्ष झालं तेव्हा पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता आहे हे असंच राहणार.

त्याच आठवड्यात, अविराज दुपारी झोपलेला असताना, उत्कर्षानं एकटीनं गेम संपवला. हेन्रीला कुणी मारलं नव्हतं. दुसऱ्यांची सुखदुःखं पोचवून तो कंटाळला होता आणि तिकीट काढून निघून गेला होता. गावातले लोक उगाच एकमेकांवर संशय घेत बसले होते. तिला वाटलं होतं, शेवट कळला की काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. संध्याकाळी तिनं अविराजला सांगून टाकलं.

"असा कसा जाईल? विधवेनंच मारलाय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तसंच म्हणाला. मग ती नुसतं "व्हय, तिनंच" म्हणू लागली. त्याला बरं वाटायचं.

फेब्रुवारीत तिचे वडील विजयसिंह पिंपळीहून आले. सूनबाई म्हणून ती कुठं कमी पडली नाही, पण तिचं वय सव्वीस आहे, तिला घरी न्यावं म्हणतो, एवढंच ते प्रयागबाईंना म्हणाले. उत्कर्षा म्हणाली, "तात्या, मी गेले तर ते रोज इचारतील. रोज त्यांना नव्यानं सांगावं लागंल, ती गेली म्हणून."

प्रयागबाई म्हणाल्या, "तसं कशाला सांगू? बाजाराला गेलीय म्हणीन. आठ दिस जाऊन तर ये."

ती गेली. रोज दुपारी सासूला फोन करायची.

"इचारतात का, आत्या?"

"इचारतो की. मी सांगते, बाजाराला गेलीय. बरं म्हणतो."

नवव्या दिवशी ती एसटीनं परत आली. अविराज ओट्यावर बसला होता. तिला बघून हसला.

"लई येळ लावलास बाजारात."

"गर्दी हुती," ती म्हणाली.

त्यानं सरकून तिला जागा केली. तिच्या हातात भाजीची पिशवी नव्हती, कपड्यांची बॅग होती. त्याच्या ते लक्षात आलं नाही. ती आत गेली. प्रयागबाई तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, खरं सांगा. आठ दिसांत एकदा तरी रडले का? जेवले न्हाईत असं झालं का एकदा तरी?"

प्रयागबाईंचा हात सुपात थांबला. रडला होता म्हणावं, म्हणजे ही जायची नाही, असं त्यांच्या ओठांवर आलं, ते त्यांनी गिळलं.

"न्हाय गं बाय," त्या म्हणाल्या. "येळच्या येळी जेवला."

उत्कर्षानं मान हलवली. सासूजवळ बसली, सुपातले थोडे तांदूळ आपल्याकडं ओढले आणि खडे वेचू लागली.