कढतसाहेब

धाकटी काम करायची त्या कॉफीच्या दुकानाच्या दुसऱ्या शाखेतली एक मुलगी आजारी पडली, म्हणून त्या सकाळी धाकटीला तिकडे पाठवलं. धाकटी हे तिचं घरातलं नाव. तिथल्या काउंटरवर चिमणी असायची, चणीने लहान पण तोंडाने तिखट. तिने धाकटीला आल्या आल्या कानमंत्र दिला.

"थोड्या वेळाने कढतसाहेब येईल. तू मागेच थांब, मी बघते त्याचं."

"कढतसाहेब?"

"कितीही गरम दे, त्याला कढतच हवी. आणि कढत दिली की जीभ भाजते. त्या मुलीला दुसरा कसला नाही, त्याचाच ताप आलाय."

धाकटी हसली. असे नमुने तिच्याही काउंटरला नवे नव्हते. फोनवर बोलता बोलता नुसतं बोट दाखवणारे, अर्धा कप संपवून 'ही मी मागितलीच नव्हती' म्हणणारे. एकदा अशाच एकाने तिला रडवलं, तेव्हा दादाने समोर बसवून सांगितलं होतं, "परत आला तर मला फोन कर. बघतो त्याच्याकडे." वडिलांच्या माघारी दादानेच तिचं सगळं केलं. शाळेत जाताना वेण्यासुद्धा तोच घालायचा, वाकड्यातिकड्या. त्याचा चढलेला आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

ती मागे दुधाची भांडी विसळत असताना बाहेर कुणीतरी ओरडायला लागलं.

"ही कॉफी आहे? अक्कल घरी ठेवून येता का कामाला?"

"सॉरी सर, दुसरी करून देते."

"तुझं सॉरी काय चाटायचंय?"

धाकटीने नळ बंद केला. आवाज ओळखीचा वाटला, पण मन मानेना. फडकं घेऊन ती बाहेर आली.

काउंटरपलीकडे दादा उभा होता. हातातला कप त्याने उलटा धरला होता. कॉफी काउंटरवरून ओघळून चिमणीच्या बुटांवर टपटपत होती आणि रांगेतले लोक मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते.

दादाने वर पाहिलं.

"अगं, तू इथे?" आवाज एकदम लोण्यासारखा. "सकाळी काही न खाताच निघालीस ना?"

ओरडणं धाकटीने एक वेळ पचवलं असतं. पण हा घरातला, मायेचा आवाज त्याच तोंडातून, श्वाससुद्धा न घेता निघाला होता.

दादा कागदी रुमालांनी घाईघाईने काउंटर पुसायला लागला. चिमणीला म्हणाला, "ही माझी बहीण. तुम्ही दोघी बरोबर काम करता हे माहीत असतं तर..."

"तर काय, दादा?" धाकटीने विचारलं.

"अगं, ऑफिसचा ताण असतो. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"मला रडवणाऱ्यालाही घरी कुणीतरी दादा म्हणत असेल," ती हळूच म्हणाली. "माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे."

ओल्या कागदांचा बोळा कुठे टाकावा ते दादाला कळेना. शेवटी तो तसाच मुठीत घेऊन निघून गेला.

तो गेल्यावर चिमणी म्हणाली, "ते नाव मीच ठेवलंय गं. रागावू नकोस."

"बरोबर ठेवलंयस," म्हणत धाकटी तिचे बूट पुसायला खाली बसली. चिमणीने पाय मागे घेतले, पण तिने ऐकलं नाही.

संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "नवी जागा कशी होती गं?"

दादाचा हात ताटातच थांबला.

"दादा आला होता तिथे," धाकटी म्हणाली. "त्यालाच विचार."

"गर्दी होती," दादा म्हणाला आणि मान खाली घालून जेवत राहिला. वहिनीने एकदा त्याच्याकडे, एकदा धाकटीकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याला भात वाढला.

पुढच्या आठवड्यात चिमणीचा फोन आला. "तुझा भाऊ आता इकडे फिरकत नाही," ती सांगत होती. "समोरच्या दुकानात जातो."

तिथे तो कसा वागतो, हे विचारायचा धाकटीला धीर झाला नाही.