हजेरीपटावरची सफाई

आधीच सांगते, मला रडू आलं न्हाई. राग आला, आणि तो अजून हाय.

मी राजेश्वरच्या व्यंकटची राजश्री, बीएस्सी. नऊ वर्षं युनिव्हर्सिटीच्या रसायन विभागात एक मशीन चालवली. पाण्यात कोणता धातू किती, ते ज्योतीवर मोजणारी. पण पंच्याण्णव साली घेताना विभागप्रमुख गुरुशांतप्पा सर म्हणले होते, "टेक्निशियनची जागा मंजूर न्हाई पोरी. सध्या हजेरीपटावर सफाईत नाव घालू, मग बदलू." माझ्या आजानं धम्म घेतला त्याच दिवशी गावची झाडलोट सोडली होती. सफाईचं नाव ऐकून माझे वडील, अप्पा, चरफडले, पण म्हणले, "नाव तर लागू दे." मीबी सही ठोकली. तिथंच चुकलं.

दोन हजार चारला पक्की जागा निघाली. मी अर्ज भरला. मुलाखतीला माझा नंबर सातवा.

तीन नंबरवर मल्लेश, सरांच्या साडूचा लेक. प्रॅक्टिकलला मशीन पेटेना. गडी बटण दाबायलाय, दाबायलाय. सरांनी दार उघडलं, "राजश्री, जरा बघ गं." अरे वा! उमेदवार मी आणि मिस्त्रीबी मीच! तरी गेले. खालच्या नळीतलं पाणी आटलं होतं, ते नसलं की मशीन गॅसच सोडत न्हाई. तांब्याभर पाणी ओतलं, भक्कन ज्योत लागली. बाहेरून आलेले साहेब म्हणले, "व्हेरी गुड." कुणाला? मल्लेशला!

माझं प्रॅक्टिकल तर घेतलंच न्हाई. साहेबांनी हजेरीपट पुढं केला. "सफाईचा अनुभव टेक्निकलमधी धरता येत न्हाई."

"सर, तुम्ही सांगा की," म्हणलं. सर चष्मा पुसायलेत!

पंधरा दिवसांनी मल्लेश ऑर्डर घेऊन आला. आयत्या बिळावर नागोबा. सर म्हणले, "ह्याला महिनाभर शिकव. तुझ्याइतकं कोणाला येतंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मला येतंय, हे मुलाखतीत कामून सांगितलं न्हाई?"

"झालं ते झालं. मन मोठं कर."

"करते की. दोन ओळी लिहून द्या. नऊ वर्षं ही मशीन राजश्री चालवायलीय. सही, शिक्का. लगेच शिकवते."

मल्लेशनं मान खाली घातली. "द्या की लिहून, काका."

सरांनी पेनाला हातच लावला न्हाई. लिहिलं तर टेक्निशियनचं काम सफाईच्या पगारात करून घेतलं, हे त्यांच्याच सहीनं उघडं पडणार. मी गॅसची चावी बंद केली, पिशवी उचलली.

"अगं, विभाग बंद पडंल!"

"पडू द्या. सफाईवालीनं मशीन बंद पाडली, असं वर लिहून कळवा. तेवढं तरी लिहिता येतंय का बघा."