कंपनीचं सील

तिसगावात चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून मी आजार सांगायचो. गनीभाईच्या दारातून गाडी ढकलत परत जात नाही, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून मी फुगायचो. त्या फुगण्यानंच घात केला.

गावातल्या कानिफनाथची पोरगी पूजा पाथर्डीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. संध्याकाळची एसटी बंद झाली तेव्हा बापानं सांगून टाकलं होतं, यायला-जायला गाडी आहे तोवरच कॉलेज. म्हणून तिच्यासाठी बॅटरीवरची स्कूटर घेतली. वर्षभरात ती अर्ध्या वाटेत बंद पडायला लागली, तशी पूजा माझ्याकडं आली.

"चाचा, नगरला शोरूमात न्यावी लागंल का?"

"अगं, मी काय मेलोय व्हय?"

बॅटरीच्या डब्यावर चंदेरी कागद चिकटवलेला होता. तो मला दिसला, खोटं कशाला बोलू? पण आमच्या धंद्यात बंद वस्तू उघडल्याशिवाय मिस्त्रीला मिस्त्री कोण म्हणतं? कागद फाडला, स्क्रू काढले. आत ना तेल, ना काजळी, ना कसला वास. हात कुठं घालावा तेच कळेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत गुपचूप डबा लावला आणि म्हणालो, "ने आता नगरला."

शोरूमवाल्यानं डबा पाहिला आणि सांगितलं, सील तुटलंय, वॉरंटी गेली. नाहीतर बॅटरी फुकट बदलून मिळाली असती. नवीची किंमत कानिफनाथच्या आवाक्याबाहेर होती. मी म्हणालो, मी भरतो.

"कुटून भरताल, गनीभाई? तुमच्याकडं तरी आता गिऱ्हाईक कुटं ऱ्हायलंय?"

कानिफनाथ रागानं बोलला नव्हता. खरं तेच बोलला होता.

स्कूटर गोठ्यात गेली. परीक्षेला तीन महिने उरले असताना पूजाचं कॉलेज सुटलं, आणि दिवाळीनंतर लग्न ठरलं. मी अल्लाकडं माफी मागतो रोज, पण त्यानं पूजाचं वर्ष परत येत नाही. ती एकदा रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

लग्नात मी मागं उभा होतो. पूजा नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली.

"हे आमचे गनीचाचा," तिनं त्याला सांगितलं. "लई हुशार मिस्त्री हायेत."

ती मनापासून बोलत होती. दोघं वाकलेली राहिली आणि माझ्या तोंडून आशीर्वाद निघेना.