बडबडी गाडी

आमोदनं नवी गाडी आणली तेव्हापासून आमचे हे तिला नावं ठेवत होते. “बडबडी आहे. दार उघडं राहिलं की वाजते, मागे घेतली की वाजते. आपली फियाट कधी एका शब्दानं बोलली नाही.”

फियाट खाली पार्किंगमध्ये कव्हराखाली उभी असते. चालवत कोणीच नाही. दर रविवारी हे ती पुसतात आणि पत्र्यावर टिचकी मारून लेकाला ऐकवतात, “लोखंड आहे लोखंड. तुझ्या गाडीसारखा डबा नाही.”

मला त्या लोखंडाचा राग येतो. त्याच गाडीत, पुढच्या सलग सीटवर, आमच्या दोघांच्या मधे आमची स्वराली उभी होती. सहा वर्षांची. तेव्हा सगळ्यांचीच मुलं तशी उभी राहायची. खडकीजवळ एक सायकलवाला आडवा आला, यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. स्वराली पुढे आपटली ती उठलीच नाही. आमोद तिच्यानंतरचा, त्याला बहीण फोटोतच माहीत.

लोणी काळभोरचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. त्यांना देऊन टाका, म्हणून मी कितीदा सांगितलं. त्यावर हे पेपर उघडतात.

काल नव्या गाडीच्या पूजेला देवळात निघालो. आम्ही दोघं मागे बसलो आणि नारळांची जड पिशवी मी मधे ठेवली. गाडी हलली आणि वाजायला लागली.

“झालं सुरू,” हे म्हणाले. “आता काय हवंय बाईसाहेबांना?”

“बाबा, मधल्या सीटवर वजन आहे ना,” आमोद म्हणाला. “तिला वाटतंय, कोणीतरी बसलंय. पट्टा लावा, गप्प बसेल.”

हे पिशवीकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टा ओढून तिच्याभोवती घेतला. खटका लागेना. मी हात पुढे केला.

“थांब. मी लावतो.”

खटका लागला. गाडी गप्प झाली. विश्रांतवाडीचा चौक मागे पडला तरी यांचा हात पिशवीवरच होता.

“आमोद, त्या लोणीच्या गृहस्थांना फोन कर. फियाट घेऊन जा म्हणावं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हिच्यासारखं तिनं तेव्हा एकदा तरी ओरडायला हवं होतं गं.”

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल हे पहिल्यांदाच बोलले. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.